फ्लोरिडातली अस्वलांची शिकार : सोडतीने आकडा आवरला, पण मारलं कोणतं अस्वल जातं?

टॅम्पाकर

फ्लोरिडात काळ्या अस्वलांची शिकार २०१५ साली झाली आणि पुन्हा २०२५ साली. दोन्ही वेळच्या नियमांत बरेच फरक आहेत, पण निर्णायक फरक एकच, तो म्हणजे परवान्यांची सोडत.

२०१५ मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगाने ३२० अस्वलांचा कोटा ठरवला, पण परवान्यांवर मर्यादा घातली नाही. १०० डॉलर भरणाऱ्या कोणालाही (राज्याबाहेरच्यांना ३००) परवाना मिळत होता. असे ३,७७८ परवाने विकले गेले. मोसम सात दिवसांचा ठरला होता. दोनच दिवसांत ३०४ अस्वलं मारली गेली आणि मोसम बंद करावा लागला. राज्याचा एकूण कोटा ओलांडला नाही हे खरं, पण पूर्व पॅनहँडल (राज्याच्या वायव्येकडचा चिंचोळा पट्टा) विभागाचा कोटा ४० होता आणि तिथे शंभराहून जास्त अस्वलं पडली.

कारण साधं होतं. मारलेलं अस्वल तपासणी नाक्यावर आणायला १२ तासांची मुदत होती. म्हणजे सकाळी पडलेल्या अस्वलाची नोंद रात्रीपर्यंत होत राहणार, आणि विभाग बंद करण्याचा निर्णय त्या नोंदींवरच घ्यायचा. एवढे बंदूकधारी एकाच पहाटे रानात उतरल्यावर आकडा हातात येईपर्यंत दिवस संपलेला असतो.

२०२५ साली फक्त १७२ परवाने होते. पूर्व पॅनहँडल ६८, दक्षिण ५५, उत्तर ३१, मध्य १८. एका परवान्यावर एकच अस्वल, मोसम ६ ते २८ डिसेंबर. शंभर टक्के परवानाधारक यशस्वी झाले तरी कोटा ओलांडताच येत नाही. शिकार करायचीच असेल तर ती अशीच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

देवराई

तुमचं गणित बरोबर आहे, पण ते ज्या पायावर उभं आहे तो पाया कच्चा आहे. राज्यात सुमारे ४,०५० अस्वलं आहेत हा आकडा २०१४-१५ च्या क्षेत्रकामावरून काढलेला. पद्धत चांगली आहे, त्यावर आक्षेप नाही. काटेरी तारेचं कुंपण, मध्ये गोड वासाचं आमिष, अस्वल आत शिरताना तारेला केस अडकतात आणि त्या केसांच्या मुळांतल्या डीएनएवरून एकेक अस्वल वेगळं ओळखता येतं. मग तेच अस्वल किती वेळा आणि कुठे सापडलं यावरून संख्येचा अंदाज. पण दहा वर्षांपूर्वीच्या अंदाजावर आजचे परवाने का काढायचे? मधल्या काळात रस्ते आणि वसाहती किती वाढल्या! दरवर्षी अडीचशेच्या आसपास अस्वलं नुसती गाड्यांखाली मरतात. कोटा काढताना आधी ते मृत्यू वजा करा, तेही विभागवार, कारण मध्य विभागातले हमरस्ते आणि पॅनहँडलमधलं रान यांची तुलनाच होत नाही.

दुसरं म्हणजे शिकारीचं समर्थन वसाहतींत येणाऱ्या अस्वलांच्या नावावर केलं जातं. मे २०२५ मध्ये कॉलियर काउंटीत अस्वलाच्या हल्ल्यात माणूस गेला, राज्यातली नोंद झालेली अशी पहिलीच घटना. तिचं दुःख आणि गांभीर्य कोणीच नाकारत नाही. पण वसाहतीत येणारं अस्वल कचऱ्याच्या डब्यासाठी येतं आणि परवानाधारक बसतो रानात किंवा खासगी कुरणावर. मरतं ते वेगळंच अस्वल. सेमिनोल काउंटीने अस्वलांच्या वावराच्या पट्ट्यात कचऱ्याचे डबे सुरक्षित ठेवणं सक्तीचं केलं, इलाज तो आहे. डब्याचं झाकण अस्वलाला उघडता येत नसेल, आणि डबा आदल्या रात्रीऐवजी उचलण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवला, तर ते त्या गल्लीत यायचं सोडून देतं.

टॅम्पाकर

डब्यांबद्दल वाद नाही. पण शिकार हा कचऱ्यावरचा उपाय आहे असं मी म्हटलेलंच नाही. वाढणारी संख्या उपलब्ध रानाच्या मर्यादेत ठेवणं हा तिचा हेतू. १९७४ साली फ्लोरिडाने अस्वलाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं तेव्हा राज्यात उरली होती काहीशेच. १९९४ पासून शिकार पूर्ण बंद झाली, २०१२ साली नाव यादीतून निघालं. हे यशच आहे, आणि यश मिळाल्यावर व्यवस्थापनाची पद्धत बदलते. शिवाय २०२४ मध्ये राज्याच्या मतदारांनी सुमारे ६७ टक्के मतांनी शिकार आणि मासेमारीचा हक्क घटनेत घातला आहे.

हिशेबनीस

सोडतीचं गणित मिनेसोटाकडून शिकावं, तिथे १९८२ पासून कोटा-विभागांत सोडत आहे. तिथे परवाना म्हणजे एक अस्वल असं धरत नाहीत, कारण बहुतेक परवानाधारक रिकाम्या हाताने परततात. म्हणून जितकी अस्वलं मारली जायला हवीत त्याला अपेक्षित यशाच्या प्रमाणाने भागतात. १०० अस्वलं हवीत आणि यश ४० टक्के धरलं, तर २५० परवाने.

घोळ होतो तो या यशाच्या प्रमाणात. ते शिकाऱ्याच्या कौशल्यापेक्षा रानमेव्यावर जास्त अवलंबून असतं. बेरी, हेझलनट, एकॉर्न भरपूर असले की अस्वल आमिषाकडे फिरकत नाही. तेच फसले की ते दिवसाढवळ्या आमिषावर येतं. १९९५ साली मिनेसोटात रानमेवा फसला आणि जवळजवळ ५ हजार अस्वलं मारली गेली. परवाने वसंतात ठरतात, रानमेवा कळतो उन्हाळ्याच्या शेवटी. ही तफावत सोडतीने मिटत नाही. फ्लोरिडाने यश शंभर टक्के धरलं हे म्हणूनच शहाणपणाचं, निदान पहिली काही वर्षं.

नेमबाज

शिकाऱ्यांच्या बाजूने बोलतो. संख्या मर्यादित ठेवली ते योग्यच, पण सोडतीचा अर्ज ५ डॉलरला आणि एका माणसाने कितीही अर्ज भरावेत, हे चूक आहे. १ लाख ६० हजारांहून जास्त अर्ज आले. पैसेवाल्याने दोनशे अर्ज भरले तर साध्या माणसाचा एक अर्ज कुठे टिकणार? शिवाय शिकारीला विरोध करणाऱ्यांनीही ठरवून अर्ज भरले आणि काही परवाने न वापरण्यासाठीच घेतले.

विस्कॉन्सिनसारखे पसंती-गुण द्यावेत. वर्षाला एक अर्ज, १० डिसेंबरच्या आत. नंबर लागला नाही तर एक गुण जमा. सलग तीन वर्षं अर्जच केला नाही तर साठलेले गुण बाद. जास्त गुणवाल्यांना आधी परवाना, समान गुणवाल्यांत सोडत. थांबणाऱ्याला निदान कळतं की आपली पाळी येणार आहे.

हिशेबनीस

पाळी येते, पण कधी? विस्कॉन्सिनच्या काही विभागांत दहा वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. परवाने अकरा-बारा हजार, अर्जदार लाखाहून जास्त. दरवर्षी नवे अर्जदार रांगेच्या शेपटीला लागतात आणि रांग लांबतच जाते. १७२ परवान्यांवर ही पद्धत लावली तर आज अर्ज करणाऱ्या तरुणाला जन्मभर परवाना मिळणार नाही. मधला मार्ग असा : अर्धे परवाने गुणांवर, अर्धे निव्वळ सोडतीवर, आणि माणशी एकच अर्ज. नियमात दोन ओळींचा बदल.

न वापरलेल्या परवान्यांबद्दल मात्र तक्रार पटत नाही. पैसे भरलेला नागरिक परवाना वापरो वा न वापरो. अभ्यासाच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. प्रयत्न करून अस्वल न मिळालेले आणि रानात गेलेच नाहीत ते, असे दोन आकडे वेगळे हवेत. नाहीतर अपयशाचं प्रमाण फुगतं आणि 'अस्वलं कमी झाली' किंवा 'परवाने वाढवा' असे दोन्ही चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. प्रत्येक परवानाधारकाकडून किती दिवस बसलात, आमिष होतं का, किती अस्वलं दिसली, एवढं सक्तीने भरून घ्यावं.

देवराई

मूळ प्रश्न अजून बाजूलाच आहे. संख्या १७२ आहे हे ठीक, पण त्यांत माद्या किती? मादी साधारण तीन-चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, आणि पुढे दर दोन वर्षांनी. एक प्रौढ मादी गेली तर वाढीचा वेग एका नरापेक्षा कितीतरी जास्त घसरतो. 'पिल्लं बरोबर असलेली मादी मारू नये' हा नियम कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात मादी पिल्लांना झाडावर चढवून ठेवते आणि एकटीच खायला येते. मचाणावर बसलेल्याला एकटं अस्वल दिसतं.

टॅम्पाकर

म्हणूनच तर २०१५ साली ऑक्टोबरमध्ये असलेला मोसम आता डिसेंबरमध्ये आणला. गाभण मादी फ्लोरिडात साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून गुहेत किंवा झुडपात शिरते आणि जानेवारीअखेरीपासून पिल्लं होतात. शिरलेली मादी बंदुकीसमोर येत नाही. फिरत राहतात ते मुख्यतः नर आणि तरुण अस्वलं. आणि पिल्लं तोवर दहा-अकरा महिन्यांची झालेली असतात.

नेमबाज

लिंग ओळखणं अवघड आहे, पण अशक्य नाही. मोठ्या नराचं डोकं रुंद, त्यामुळे कान लहान आणि बाजूला सरकल्यासारखे वाटतात, मादीचा चेहरा निमुळता आणि कान उभे, मोठे. कॅनडात आमिषाजवळ पंचावन्न गॅलनचं पिंप उभं ठेवतात, त्याची उंची सुमारे ३५ इंच. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या कडेला लागत असेल तर तो बहुधा मोठा नर. घाई करू नये, अस्वल आडवं उभं राहीपर्यंत थांबावं, आणि आसपासच्या झाडांवर आधी नजर फिरवावी. हे सगळं परवान्याआधीच्या सक्तीच्या प्रशिक्षणात आलं पाहिजे. १०० पौंडांखालचं अस्वल मारू नये एवढ्या नियमाने नर-मादी कळत नाही.

देवराई

डिसेंबर ऑक्टोबरपेक्षा बरा, हे मान्य. पण तुम्हीच म्हणता उत्तरार्धापासून, आणि मोसम सुरू होतो ६ तारखेला. पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच गाभण माद्या अजून बाहेर असणार.

मला तीन अटी हव्यात. एक, प्रत्येक विभागाचा कोटा सगळे परवाने माद्यांवर खर्ची पडतील असं धरून काढावा. दोन, मारलेल्या प्रत्येक अस्वलाचा पहिला उपदाढेचा दात घ्यावा. त्याच्या मुळाच्या आवरणावर दरवर्षी एक वलय पडतं, त्यावरून वय कळतं आणि मादीच्या दातात व्यालेल्या वर्षांची वलयंही अरुंद दिसतात. मिनेसोटाही दात घेतं. तीन, मारलेल्यांत प्रौढ माद्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं तर पुढच्या वर्षी त्या विभागाचे परवाने आपोआप घटावेत, त्यासाठी वेगळ्या मतदानाची वाट पाहू नये.

टॅम्पाकर

दुसरी आणि तिसरी अट मला पूर्ण मान्य. पहिलीबद्दल मध्य विभागापुरतं नक्कीच. पूर्व पॅनहँडलमध्ये मात्र त्या हिशेबाने ६८ ऐवजी तीसेक परवाने द्यायचे, तर तिथल्या अस्वलांची ताजी मोजणी आधी समोर हवी.

देवराई

मग मोजणी आधी, परवाने नंतर. मी पहिल्या प्रतिसादात नेमकं हेच म्हटलं होतं.