डॉक्टरांचं निदान चुकतं ते कमी वाचल्यामुळे, की विचार करायला न शिकवल्यामुळे?

स्टेथोवाला: पावसाळ्यातली पहाट, पोटात कळ, एक उलटी. जमिनीवर झोपलेला विशीतला मुलगा. इंटर्न अ‍ॅसिडिटी समजून पॅन्टोप्रॅझोल टोचतो. तासाभरात पोराच्या पापण्या मिटायला लागतात. मण्यार, म्हणजे विषारी साप, चावलेली असते. तिच्या दंशाची खूण बरेचदा दिसत नाही, फारसं दुखतही नाही. हे सगळं एमबीबीएसला वाचलेलं असतं, त्यावर मार्कही मिळवलेले असतात. खाटेपाशी सुचत नाही, कारण पहिलं निदान सापडलं की डोकं तिथेच बसकण मारतं. ‘आणखी काय असू शकेल?’ हे विचारायची सवय लावावी लागते. आठवड्याला एक तास ठेवा, केसची माहिती तुकड्यातुकड्याने द्या आणि प्रत्येक टप्प्यावर निदान लिहून घ्या.

वॉर्ड नं. ७: अजिबात पटलं नाही. पोटदुखीच्या यादीत मण्यार असेल तरच ती सुचणार ना? अँकरिंग (पहिल्या अंदाजाला चिकटून राहणं), प्रीमॅच्युअर क्लोजर (घाईने निदान पक्कं करणं) अशी चुकांची नावं पाठ करून निदान सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही. पेशंट बघा, भरपूर बघा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट बघत बघतच प्राझोसिन हे औषध वापरलं आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यांना कुणी तास घेऊन शिकवलं होतं?

स्टेथोवाला: सर, त्यांनी नुसतं बघितलं नाही, नोंदी ठेवून पडताळलं. इथे रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे पाठवणाऱ्याला कधी कळतच नाही. अशाने शंभर पेशंट बघून तीच चूक शंभरदा घोटली जाते.

सध्या लायब्ररीत: कुठल्या जगात आहात दोघं? नीट-पीजीला, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेला, साडेतीन तासांत 200 प्रश्न, चुकलं की एक मार्क वजा. उत्तर चार पर्यायांत छापलेलंच असतं. वॉर्डात पर्याय कोण देतं? 2019 पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कागदावर सगळं झकास आहे. लॉगबुक (काय शिकलो, केलं याची नोंदवही) मात्र तपासणीच्या आदल्या रात्री बसून भरतात. आणि इंटर्नशिप म्हणजे रक्त काढा, रिपोर्टसाठी धावा. (जमलं तर झोपा.)

वॉर्ड नं. ७: बघा, म्हणजे तुमचा आठवड्याचा तासही त्या लॉगबुकातच जाणार. त्यापेक्षा राउंडला पोरांना केस मांडू द्या, मध्ये अडवा, ‘कशावरून?’ विचारा. आम्ही असंच शिकलो.

स्टेथोवाला: तुमच्या वेळी राउंड दुपारपर्यंत चालायचे, सर. आता दहाला ओपीडीची रांग दारात असते. ‘कशावरून?’ विचारायला थांबतं कोण?

वॉर्ड नं. ७: मग तुमच्या तासाला मास्तर कुठून आणणार?