१४ फुटी आयशर, ड्रायव्हर एकटा – रस्त्यात टायर बदलायला गाडीत काय काय ठेवू?

चाकण_लोडिंग:
मंडळी, सेकंडहँड १४ फुटी घेतलीये, माल चाकणचा, लाइन सातारा-कोल्हापूर. गाडीसोबत गळका बॉटल जॅक, वाकलेला व्हील पाना आणि एक टॉमी (पाना फिरवायचा लोखंडी दांडा) एवढंच मिळालं. क्लीनर परवडत नाही. परवा खंबाटकी उतरल्यावर मागचं आतलं चाक बसलं, ड्रायव्हरला नट हलेनात, मग पंक्चरवाला बोलवला तर त्याने रात्रीचं कारण सांगून तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि द्यावाच लागला. आता एकदाच काय ते सामान घेतो, पण केबिनमध्ये अडगळ नको. २० टनी जॅक घेऊन टाकू का?

जोडचाक_१२:
भाऊ टन नंतर, आधी बंद जॅकची उंची बघा. पुढचं चाक बसलं की एक्सल खाली येतो आणि तो २० टनी जॅक खाली शिरतच नाही, मग ड्रायव्हर बसतो फळीवर चाक चढवत. अख्खी गाडी कुठे उचलायचीये, एका वेळी एकच कोपरा उचलायचा, १० टनी भरपूर झाला. दुकानात जाताना टेप घेऊन जा. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी हवीच, साइडपट्टीच्या मुरमात जॅक रुततो, उन्हाळ्यात तर डांबरात पण. लोखंडी प्लेट नको, लोखंडावर लोखंड सरकतं. पाना घेताना तुमच्याच नटवर बसवून बघा, जरा जरी ढिला असला तरी नटाचे कोपरे खाऊन टाकतो. हँडलवर चढवायला एक पाइप ठेवा. आणि ड्रायव्हरला सांगा, नट पहिल्यांदा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक लावल्यावर ओढाताण नको.

मार्केटयार्ड_एमएच१२:
पाइपवर उड्या मारायचे दिवस गेले राव, गिअरवाला पाना घ्या. हँडल फिरवत बसायचं, बारका माणूस पण नट सोडवतो. फक्त आवळायला तो वापरू देऊ नका, हाताला अंदाज येत नाही आणि स्टड (ज्या बोल्टवर नट बसतो तो) तुटतो. बाकी स्टडला ग्रीस चोपडून ठेवा, पुढच्या वेळी आरामात सुटतात.

निगडीचे_टायरकाका:
ग्रीसचं चुकीचं सांगताय. नट रिमला जिथे बसतो तिथे ग्रीस गेलं की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो, स्टड ताणतो. वायर ब्रश ठेवा, स्टडचे आटे आणि रिमची बसायची जागा घासून घ्या, गंज-माती अडकली की चाक नीट बसत नाही आणि नट मागाहून सैल पडतात. समोरासमोरचे नट धरून आवळायचे, आणि ५०-१०० किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना फिरवायचा, हे कोणी करत नाही.

दुसरं, तुमच्याकडे ट्यूबवाला टायर आणि कड्याचं रिम (टायर जागेवर धरायला वेगळं लोखंडी कडं असलेलं) असेल तर जोडचाकाचे (मागे एका बाजूला असलेल्या दोन चाकांचे) नट खोलायच्या आधी दोन्ही टायरमधली हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडा. रिमला तडा गेलेला असला तर आजपर्यंत नटांनीच धरून ठेवलेलं असतं, नट निघाले की कडं उडतं आणि समोरच्या माणसाचं काही राहत नाही. पिन काढायची चावी पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, किल्ल्यांच्या जुडग्यातच लावा. मग बाहेरच्या चाकात परत हवा भरावी लागते, एअर ब्रेकची गाडी असेल तर टाकीवरून भरायचा होस पाइप ठेवा, नाहीतर पंप. आणि भरताना कड्यासमोर उभं राहायचं नाही.

तिसरं, हँडब्रेकवर भरवसा नको. काही गाड्यांचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) असतो, मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकते, हँडब्रेक ओढलेला असला तरी. लाकडी पाचरी दोन ठेवा, जमिनीवरच्या चाकाला पुढून मागून. रस्त्यातले दगड लावून ते तिथेच सोडून जाणारे पण आहेतच, मागचा दुचाकीवाला मरतो त्यात.

चाकण_लोडिंग:
काका हे पिनचं कोणीच सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात असं ड्रायव्हर म्हणतो, खरंय का?

निगडीचे_टायरकाका:
काही जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर एल कोरलंय का बघा, नसेल तर मॅन्युअल नाहीतर मेकॅनिक. जोर लावून मग विचारू नका.

जोडचाक_१२:
आणि कुठे थांबायचं ते पण सांगा त्याला. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अजिबात जॅक लावायचा नाही, तिथे मागून येणाऱ्याचाच ब्रेक लागेल की नाही माहीत नाही. टायर फाटला तर फाटू दे, हॅजर्ड लावून हळूहळू सपाट जागेपर्यंत घ्या. ट्रँगल दोन, लांब मागे लावायचे, झाडाच्या फांदीवर भागवायचं नाही. रिफ्लेक्टर जॅकेट आणि डोक्याला लावायची बॅटरी, मोबाइल तोंडात धरून नट खोलता येत नाहीत. हायवेवर अडकलाच तर १०३३ ला, म्हणजे नॅशनल हायवेच्या हेल्पलाइनला फोन.

चाकण_लोडिंग:
पाना, टॉमी, पाइप बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात बघतो. जॅक पण तिथेच मिळेल ना?

मार्केटयार्ड_एमएच१२:
जॅक नवीनच घ्या, पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात. जुन्याचं सील गेलेलं असतं, रिकामा असताना मस्त चढतो, लोड आला की हळूहळू बसतो. आणि स्टेपनी जिच्यावर टांगलेली असते ती चेन एकदा खाली सोडून बघा, गंजून जाम असली तर बाकी सगळं सामान असून उपयोग नाही.