नागपूर–मोपा (गोवा) चार्टर विमान: दलालाच्या कोटेशनमधली 'फेरी' म्हणजे काय?

पर्वरीकर: भाच्याच्या लग्नाला नागपूरहून गोव्यात आठ माणसं भाड्याच्या विमानाने आणायचीत. दलालाने 'फेरी' म्हणून भलीमोठी रक्कम लावलीय. विमान त्याचंच ना? मग हे कसलं?

वास्कोचा रॅम्पवाला: त्याचं कुठलं हो! तो ऑपरेटरांना, म्हणजे विमानं चालवणाऱ्या कंपन्यांना, फोन फिरवतो, कुठलं विमान कुठे मोकळं आहे बघतो, वर आपलं कमिशन. विमान मुंबईला उभं असेल तर रिकामं नागपूरला जाणार, तुम्हाला सोडून रिकामं परतणार. तीच फेरी, तुमच्या माथी. रात्री थांबलं तर पार्किंग आणि वैमानिकांचं हॉटेलही. उतरायला मोपाचाच विमानतळ धरा, गोव्यातला दुसरा, दाबोळीचा, म्हणजे नौदलाचा तळ, तिथे वेळेसाठी त्यांची सवड बघावी लागते. आणि ऑपरेटरचं नाव, डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे वेळापत्रकाबाहेर भाड्याने उडायचा, परवाना आधी मागा. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही.

डिचोलीची माई: 'एम्प्टी लेग' विचारा, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी रिकामं जाणारं-येणारं विमान, स्वस्त पडतं. पण मूळ गिऱ्हाइकाने बेत बदलला की तुमचं विमान गेलं. मुहूर्ताला नको हं.

पर्वरीकर: देव बरें करूं. परवान्याचं विचारलं, तर म्हणतो आधी ॲडव्हान्स भरा.

वास्कोचा रॅम्पवाला: दुसरा दलाल बघा.