मदत हवी आहे: बंदरावर जनावरांचं तपासणी केंद्र, सरकारी अनुदानाचा अर्ज आणि हातात तीन आठवडे

बंदरावरचा_पाटील (९ ऑक्टोबर २०२०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय तो असल्या विषयावर, तेव्हा हसू नका.

मी मूळचा कऱ्हाडचा, सिव्हिल इंजिनिअर. नऊ वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या फेरी बंदरात नोकरी करतो. (नाव सांगत नाही, बंदरं मोजकीच, लगेच ओळखाल.) आजवर धक्के, रस्ते, पार्किंग, दिवे एवढंच माझं जग. सोमवारी साहेबांचा फोन आला: ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणारी जनावरं आणि मांस-दूध बंदरातच तपासायचं ठरलंय, त्यासाठी इमारत लागणार, आणि तिच्यासाठी सरकारकडे पैसे मागायचा अर्ज तू लिहायचास.

योजनेचं नाव पोर्ट इन्फ्रास्ट्रक्चर फंड. जुलैत सरकारनं सीमेवरच्या कामांसाठी ७०.५ कोटी पौंड जाहीर केले, त्यातले २० कोटी बंदरांच्या या फंडाला. अर्जाची मुदत ३० ऑक्टोबर. प्रत्यक्ष तपासणी जुलै २०२१ पासून. म्हणजे पैसे मिळाले तरी नकाशा, परवानगी, टेंडर, बांधकाम सगळं मिळून जेमतेम सहा-सात महिने.

माझी अडचण अशी की अर्जात दिवसाला किती गाड्या, किती जनावरं ते लिहायचंय आणि तो आकडा कोणाकडेच नाही. आजवर युरोपातून मेंढी आली काय आणि टोमॅटो आले काय, बंदराच्या लेखी एक लॉरी. फेरी कंपनी लॉरीची लांबी सांगते, आत काय आहे ते नाही. दुसरं, आतली रचना. जनावरांशी माझं नातं म्हणजे आजोळच्या दोन म्हशी, त्यातली एक मारकी. तिसरं, फंड फक्त बांधकामाचा खर्च देणार. पुढे वीज, पाणी, माणसं, डॉक्टर हे कुठून आणायचं? ते अर्जात लिहायचं की गप्प बसायचं?

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे कोंडवाडाच की रे." खोटं नाही.

कोणी असं काम केलंय का? इथलं, भारतातलं, कुठलंही चालेल.

गंप्या (९ ऑक्टोबर २०२०)

बोकडाला कोविडचा निगेटिव्ह रिपोर्ट लागेल का? आणि चौदा दिवस हॉटेलात?

डॉ_मनीमाऊ (१० ऑक्टोबर २०२०)

गंप्याकडे लक्ष देऊ नका. मी परळच्या कॉलेजची पशुवैद्य, आता इथे इंग्लंडात. काही वर्षं विमानतळावर येणारी जनावरं तपासली आहेत, तेव्हा थोडं सांगू शकते.

तपासणी तीन पायऱ्यांची. आधी कागदपत्रं, मग ओळख, मग प्रत्यक्ष जनावर. ओळख म्हणजे कानातला बिल्ला किंवा चिपचा नंबर दाखल्याशी जुळवणं. प्रत्यक्ष म्हणजे चालतं कसं, श्वास, डोळे-नाक, गरज पडली तर ताप आणि रक्त. हे गाडीत वाकून होत नाही, जनावर उतरवावं लागतं. म्हणून रॅम्प, बाजूला कठडे, डोक्यावर छप्पर आणि भरपूर उजेड. अंधाऱ्या दारात मेंढी पाय रोवून उभी राहते, मग ड्रायव्हर आणि तुम्ही दोघं ढकलत बसता.

आत दावण आणि खोडा. संशयित जनावरासाठी वेगळी कोठडी, हवा आणि गटार दोन्ही वेगळं. चारा, पाणी, अंथरायला भुसा. शेण साठवायची जागा. गाडी धुऊन निर्जंतुक करायची जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जनावरांच्या गाडीची वाट आणि मांसाच्या कंटेनरची वाट एक होता कामा नये. नकाशात इथेच चुका होतात, कारण वाहतुकीचा इंजिनिअर वळणाची त्रिज्या बघतो, जंतू बघत नाही.

अजून एक. सगळ्या जनावरांसाठी मान्यता मागू नका. मान्यतेचे वर्ग असतात: खूरवाली (गाय, मेंढी, शेळी, डुक्कर), घोडे, आणि बाकीची. प्रत्येक वर्गाला वेगळी सोय, वेगळा खर्च. तुमच्या फेऱ्या कुठून येतात?

बंदरावरचा_पाटील (१० ऑक्टोबर २०२०)

ताई, देवासारख्या धावून आलात. फेऱ्या फ्रान्सहून. घोडे येतात एवढं धक्क्यावरच्या पोरांना माहीत आहे, कारण घोड्यांच्या गाड्या चकचकीत असतात आणि ड्रायव्हर नखरे करतात.

डॉ_मनीमाऊ (१० ऑक्टोबर २०२०)

मग घोडे पकडा. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यात घोड्यांचा त्रिपक्षीय करार होता, त्यामुळे शर्यतीचे आणि पैदाशीचे घोडे फारशा कटकटीशिवाय ये-जा करत. ३१ डिसेंबरला तो संपतोय. त्या सगळ्या गाड्या आता कुठेतरी थांबवाव्या लागणार. आणि वर्षाची सरासरी काढू नका. न्यूमार्केट या घोड्यांच्या गावी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे मोठे लिलाव असतात, त्या आठवड्यांचा आकडा घ्या.

मेंढ्या-गुरांचा आकडा अगदीच नाही असं नाही. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात गुरं नेतानाही 'ट्रेसेस' या संगणक प्रणालीवर दाखला निघतो. त्यात कुठून निघालं आणि कुठल्या गोठ्यात गेलं ते असतं. पशु आरोग्य खात्याकडे ती माहिती मागा. कुठल्या बंदरातून गेलं ते अंदाजानं काढावं लागेल, पण हवेत आकडा मारण्यापेक्षा बरं.

जमलं तर हीथ्रोचं जनावर-केंद्र बघा. लंडन सिटी कॉर्पोरेशन चालवतं, १९७७ पासून आहे. तिथे सापापासून घोड्यापर्यंत सगळं उतरतं. ते बघितलंत की इमारत सोपी आणि माणसं अवघड हे कळेल.

तात्या_उपअभियंता (११ ऑक्टोबर २०२०)

चिरंजीव, मी सार्वजनिक बांधकाममधून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, सांगलीकडचा. गुरांचे दवाखाने चार बांधले आहेत. इंग्लंड बघितलेलं नाही, पण अनुदान हा प्राणी सगळीकडे सारखाच.

अंदाजपत्रक तीन तुकड्यांत मांडा. हे नसेल तर केंद्रच होणार नाही, हा पहिला. हे नसेल तर ओढूनताणून चालवू, हा दुसरा. असलं तर बरं, हा तिसरा. मागाल तेवढं कोणी देत नाही. कात्री कुठे लावायची ते तुम्ही आधी सांगितलं नाहीत, तर वरचा माणूस सरसकट कापतो आणि मग छप्पर मिळतं, गटार मिळत नाही.

गटाराचं निघालंच म्हणून: गुरांच्या इमारतीत आधी गटार, मग भिंती. उतार १:६० पेक्षा कमी नको. कोबा गुळगुळीत करू नका, ओला असतानाच खराट्यानं रेघा मारून घ्या, घोड्याचा नाल घसरला की संपलं. भिंतीच्या खालच्या कोपऱ्याला गोलाई द्या, घाण साचत नाही.

चालवण्याच्या खर्चाबद्दल गप्प बसू नका. एका गावी मी दवाखाना बांधला, खोडा बसवला, नळ जोडला. डॉक्टरचं पद मंजूर व्हायला तीन वर्षं लागली. तोवर तिथे गावच्या लग्नांची भांडी ठेवत असत. म्हणून अर्जातच लिहा की माणसं कोण देणार.

निवांत_नाखवा (११ ऑक्टोबर २०२०)

मुंबईहून. आपल्याकडे पशु संगरोध (क्वारंटीन) केंद्रं केंद्र सरकार स्वतः चालवतं, आयातीचा कायदा १८९८ चा. बंदरानं स्वतः इमारत बांधून सरकारकडे पैसे मागायचे हे मला नवीनच. जागा त्यांची, नियम सरकारचे, मग उद्या नियम बदलला तर इमारत कोणाची?

बंदरावरचा_पाटील (१२ ऑक्टोबर २०२०)

नाखवा, हाच प्रश्न मी साहेबांना विचारला. उत्तर आलं, "अर्ज आधी."

तात्या, तुमचे तीन तुकडे तसेच्या तसे घेतोय. चालवण्याच्या खर्चाचं एक पान जोडणार आहे, मग कोणी वाचो न वाचो. ताई, डॉक्टरांचं काय लिहू?

डॉ_मनीमाऊ (१२ ऑक्टोबर २०२०)

लिहा की मिळणं कठीण आहे. इथल्या कत्तलखान्यांत सरकारी काम करणारे पशुवैद्य बहुतांश स्पेन-रुमानियातून आलेले आहेत, आणि ब्रेक्झिट झालंय. बंदरात रात्री दोनला फेरी लागते, डॉक्टर तेव्हा हवा. पाळ्या, राहायची सोय, कपडे बदलायची खोली, अंघोळ. ही खोली तुमच्या पहिल्या तुकड्यात घाला, तिसऱ्यात नाही.

बंदरावरचा_पाटील (३० ऑक्टोबर २०२०)

काल रात्री साडेअकराला अर्ज गेला. घोडे हा मुख्य वर्ग, खूरवाल्यांसाठी छोटी सोय, बाकीचे सोडून दिले. लिलावाच्या आठवड्यांचा आकडा एका वाहतूकदारानं फोनवर तोंडी दिला, तो 'वाहतूकदारांशी झालेल्या चर्चेनुसार' असा लिहिला. सगळ्यांचे आभार. गंप्याचेही.

बंदरावरचा_पाटील (१९ डिसेंबर २०२०)

निकाल. ४१ ठिकाणांना मिळून सुमारे १९.४ कोटी पौंड. आम्हाला मागितल्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तात्या, तिसरा तुकडा गेला, दुसरा अर्धा गेला, पहिला शाबूत. डॉक्टरांची अंघोळ वाचली. उरलेले पैसे बंदर घालणार.

आमचं नशीब त्यातल्या त्यात बरं. डोव्हरनं पासपोर्ट तपासणीच्या जादा खिडक्या वगैरेसाठी ३.३ कोटी मागितले होते, हातावर ३३ हजार ठेवले म्हणतात.

तात्या_उपअभियंता (२० डिसेंबर २०२०)

अभिनंदन. पाऊस लागायच्या आत पाया घ्या. (तिकडे पाऊस कधी नसतो म्हणा.)

बंदरावरचा_पाटील (१४ मार्च २०२१)

पाया घेतला आणि परवा घोषणा झाली की तपासणी जुलैत नाही, पुढच्या वर्षी. ठेकेदार विचारतोय, थांबू का? थांबलो तर दंड, चालू ठेवलं तर घाई कशाला केली म्हणतील. चालू ठेवतोय.

गंप्या (१४ मार्च २०२१)

बोकडाला मुदतवाढ मिळाली.

बंदरावरचा_पाटील (२१ ऑगस्ट २०२५)

साडेचार वर्षांनी धागा वर काढतोय, कारण पुन्हा मदतच हवी आहे.

इमारत २०२२ मध्ये पूर्ण झाली. पण २०२१ च्या सप्टेंबरात पुन्हा पुढे ढकललं, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा. अखेर २०२४ च्या ३० एप्रिलला मांस-दुधाची तपासणी सुरू झाली. जिवंत जनावरांची झालीच नाही. ती आजही ज्या गोठ्यात उतरतात तिथेच तपासतात. यंदा १९ मे रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघाचं पशु-वनस्पती आरोग्याच्या कराराचं जुळलं, आणि या महिन्याच्या सुरुवातीला सरकारनं जाहीर केलं की युरोपातून येणाऱ्या जिवंत जनावरांची सीमेवरची तपासणी स्थगित.

तर माझ्याकडे एक कोरा करकरीत कोंडवाडा आहे, ज्यात आजवर एकही घोडा उतरला नाही. दिवे, पाणी, अग्निशमन, विमा चालूच. प्रश्न असा: अनुदानाच्या करारात लिहिलंय की दुसऱ्या कामाला वापरायचं तर आधी लेखी परवानगी. साहेब म्हणतात, गोदाम म्हणून भाड्यानं देऊ. परवानगी न घेता दिलं तर पैसे परत मागतील का? असा अनुभव कोणाला?

कायद्याचा_किडा (२१ ऑगस्ट २०२५)

बर्मिंगहॅमहून, व्यवसायानं वकील, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. न विचारता भाड्यानं देऊ नका. आधी फंडाला लिहा, तारखांसकट: काम वेळेत झालं, तपासणी तुमच्यामुळे नाही तर धोरण बदलल्यामुळे थांबली. परतीची अट सहसा अनुदान घेणाऱ्याच्या चुकीशी बांधलेली असते, तुमच्या करारात नेमके शब्द काय ते बघा. आणि भाडं येणार असेल तर ते लपवू नका, देखभालीत कसं जिरतं ते दाखवा.

एकटे नाही आहात. पोर्ट्समथचं बघा. ३.२ कोटी मागितले, १.७१ कोटी मिळाले, बाकीचे तिथल्या कौन्सिलनं घातले आणि सुमारे अडीच कोटींची इमारत उभी केली. रचना दिवसाला ८० तपासण्यांची, नव्या नियमांत जेमतेम चार-पाच. ती मंडळी गेलं वर्षभर उघडपणे विचारतायत की हिचं काय करू. त्यांच्या कौन्सिलच्या बैठकांची टिपणं जाहीर आहेत, वाचा. पत्र कसं लिहायचं ते तिथे कळेल.

डॉ_मनीमाऊ (२२ ऑगस्ट २०२५)

खोडा आणि संशयिताची कोठडी मात्र उपटू नका. मांस-दुधाची मान्यता वेगळी आहे, ती शाबूत ठेवा. जनावरांचा भाग कुलूपबंद ठेवून बाकीचं भाड्यानं देता येतं का ते आधी विचारा. करार प्रत्यक्षात लागू होईपर्यंत कोण कुठे वळेल सांगता येत नाही, आणि एकदा तोडलेली कोठडी पुन्हा बांधायला कोणी अनुदान देणार नाही.

बंदरावरचा_पाटील (२३ ऑगस्ट २०२५)

दोघांचेही आभार. पत्राचा मसुदा सोमवारी करतो, तारखा सगळ्या या धाग्यातच आहेत, बरं झालं लिहून ठेवल्या. सध्या दावणीत रस्त्यावर ठेवायचे नारिंगी शंकू आहेत, आणि हिवाळ्यात टाकायच्या मिठाच्या गोणी. तात्या, तुमची लग्नाची भांडी आठवतात. आहात का?

तात्या_उपअभियंता (२४ ऑगस्ट २०२५)

आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, नातू वाचून दाखवतो. गटाराचा उतार किती ठेवलात शेवटी?

बंदरावरचा_पाटील (२४ ऑगस्ट २०२५)

१:६०, तात्या. रेघाही मारल्या, खराट्यानंच. इथला ठेकेदार वेड्यासारखा बघत होता.