मदत हवी आहे: किगांबोनीतल्या मासे तळणाऱ्या बायकांच्या गटाला कर्ज

टांझानियातल्या दार-ए-सलाममधे राहणारे किंवा राहून गेलेले कोणी आहे का इथे? आमच्या ओळखीच्या ७ बायका किगांबोनीत (खाडीपलीकडचा शहराचा भाग) मासे तळून विकतात, पहाटे फेरीबोटीने पलीकडे शहरात जाऊन लिलावात मासे घेतात. २०१६ ला खाडीवर पूल झाल्यापासून तिकडे प्लॉट, भिंती, बांधकामं इतकी वाढलीत की ज्या मोकळ्या जागेत बसायच्या तिथे आता कुंपण आलंय, सारखी जागा बदलावी लागते. कोळसाही महाग, म्हणून गॅस आणि एक फ्रीजर घ्यायचाय.

नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के बिनव्याजी कर्जासाठी ठेवायचे, त्यात ४ टक्के महिला गटांना असा २०१८ पासून कायदाच आहे. त्यासाठी प्रयत्न चालू आहे. विकोबा (आपला बचत गटच म्हणा ना) दोन वर्षं चालू आहे, वही नीट आहे, मी स्वतः बघितली. पण ऑफिसात धंद्याची पक्की जागा विचारतात आणि ती कोणाकडेच नाही, घरंही भाड्याची किंवा नवऱ्याच्या नावावर. मोबाईलवरचं कर्ज सुचवू नका प्लीज, एकीने घेतलंय, व्याजातच बुडाली. वर्गणीही नकोय, त्यांनाच नको आहे.

मला स्वाहिली बाजारापुरतीच येते, त्यामुळे कदाचित माझंच काही चुकत असेल. कोणी असा गटाचा अर्ज प्रत्यक्ष भरून दिलाय का, आणि भाड्याच्या कोपऱ्यासाठी म्ताआच्या (म्हणजे वस्तीच्या स्थानिक कारभाराच्या) अध्यक्षाचं पत्र चालतं की भाडेकरारच लागतो?