गंगेच्या मैदानातली हवा सुधारतेय, की आपण फक्त धूळ मोजतोय?

नोएडाकर
१९ वर्षं इथे राहतोय. दर नोव्हेंबरात सांगलीहून आत्याचा फोन: "पराली पेटली का रे?" पराली म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं भाताचं काड; जानेवारीत कुठे असतं ते? तरी गॅलरीतला पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत दोरीच्या वळावर काळपट होतोच. पंजाबपासून बंगालपर्यंत हेच, दिल्ली तेवढी टीव्हीवर दिसते. २०१९चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, त्यात शहरांचं प्रगतिपुस्तक पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या जाडसर धूळकणांवर. मग पालिका रस्त्यावर पाणी मारणार, दुसरं काय? फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण, पीएम २.५, त्याने हटत नाही.

चष्मेबद्दूर
रडगाणं पुरे. २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला, गरीब घरांना गॅसजोडणी देणारी योजना, सुरू झाली. चुलीचा धूर हा तिथल्या बारीक कणांचा मोठा वाटेकरी. एप्रिल २०२० पासून कमी धुराच्या बीएस-६ गाड्या. चीनने २०१३ला आराखडा आणला आणि सात-आठ वर्षांत पीएम २.५ सुमारे ४० टक्क्यांनी उतरवलं. आपल्यालाही वेळ द्या की!

नोएडाकर
वेळ? औष्णिक वीजकेंद्रांना धुरातल्या गंधकाचे निकष डिसेंबर २०१५मध्ये लागले. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै २०२५मध्ये बहुतेकांना सूटच. त्या धुराड्यांतल्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेट कण बनतात, तेही पीएम २.५च. आणि उज्ज्वला? आमच्या मावशींच्या गावी, बदायूँकडे गेलो होतो. सिलिंडरवर टॉवेल टाकून त्याचं स्टूल केलेलं, स्वयंपाक अंगणात गोवऱ्यांवर.

धसकट
पराली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी: २००९च्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी पुढे ढकलली, भूजल वाचावं म्हणून. कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. काडी हौसेने लावत नाहीत. आपल्याकडे उसाचं पाचट पेटतं तेव्हा कोण विचारतं?

पाषाणकर
हवामान सगळेच विसरलात. उत्तरेला हिमालयाची भिंत. हिवाळ्यात वारा पडतो, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि गार हवा धुरासकट खाली कोंडते. धूर तेवढाच राहिला तरी जुलै आणि जानेवारीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून एखाद्या बऱ्या वर्षावरून 'सुधारलं' म्हणू नका, आणि एखाद्या वाईट हिवाळ्यावरून 'बिघडलं'ही नको. दहा-पंधरा वर्षांची रेघ बघा.

नोएडाकर
एप्रिल २०२०च्या लॉकडाउनमध्ये पंजाबातल्या जालंधरहून हिमालयाची धौलाधार रांग दिसली. हिमालय तेव्हा रजेवर होता का?

पाषाणकर
एप्रिलात ऊन चढतं, झाकण उघडतं. जानेवारीत लॉकडाउन करून बघा, मग बोलू.

चष्मेबद्दूर
गंधकाच्या सवलतीवर मात्र मी नोएडाकरांच्या बाजूने. बाकी वाद चालू ठेवा.