मेगापिक्सेल वाढवून माप सुधारत नाही
पडत्या हिमकणांचे फोटो काढून त्यांचा आकार आणि संख्या मोजतात. त्यासाठी जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला की हिमकणाचं माप आपोआप अचूक येईल, असं म्हटलं जातं; ते निम्मंच खरं आहे. सुटे हिमकण आणि त्यांचे गुच्छ साधारण सेकंदाला १ मीटरच्या आसपास वेगाने पडतात. शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात कण १ मिलिमीटर खाली सरकतो, आणि बारीक कणाची नुसती रेघ उमटते. १/२५००० सेकंदाला हेच सरकणं ४० मायक्रॉनवर (०.०४ मिलिमीटर) येतं. त्यामुळे आधी एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, कमी करा, त्याला पुरेल इतका प्रखर प्रकाश द्या, मग पिक्सेलचं बघू.

यात राहून जाणारा मुद्दा फोकसच्या खोलीचा, म्हणजे लेन्ससमोर किती अंतराच्या पट्ट्यात कण स्पष्ट दिसतो याचा, आणि खरी चूक मला तिथेच दिसते. फोकसच्या पुढे-मागे पडलेला मोठा कण कडा पसरून फुगलेला दिसतो. बारीक कण मात्र पार्श्वभूमीत विरतो आणि मोजलाच जात नाही. म्हणजे बारीक कणांसाठी मोजणीचं घनफळ (हवेच्या जेवढ्या भागातले कण मोजले जातात तो भाग) प्रत्यक्षात लहान असतं. सगळ्या आकारांना एकच घनफळ धरून घनमीटरमागची संख्या काढली की बारीक कण कमी भरतात. यासाठी ०.५, १, २ आणि ५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या फोकसच्या पातळीपासून थोड्या थोड्या अंतरावर पुढे-मागे टाकून पाहा. कोणत्या आकाराची कड कुठवर नीट ओळखू येते ते नोंदवा आणि त्या आकारापुरतं तेवढंच घनफळ हिशोबात धरा. लेन्स किंवा दिवा बदलला की ही चाचणी पुन्हा करावी लागते.